कल्याण बंदराची जुनी वाट : वैशाखरे ते नाणेघाट



ठाकुर्लीच्या माणसाचे तोंड सकाळी मुंबईकडे असते. डबा हातात, गाडी गाठायची घाई, आणि संध्याकाळी परत येईतो अंधार पडलेला. त्यामुळे पाठीमागे पूर्वेला काय आहे याची फारशी चौकशी होत नाही. हवा स्वच्छ असली म्हणजे मलंगगडाचा सुळका दिसतो, त्याची ओळख सर्वांना आहे. परंतु त्याच्याही पलीकडे, मुरबाड तालुक्याच्या टोकाला, सह्याद्रीच्या भिंतीत एक खिंड आहे. तिच्यातून जाणारी वाट दोन हजार वर्षांहून जुनी आहे, आणि ती वाट कल्याणच्या खाडीवरून निघत होती. म्हणजे ती आपल्या दारातूनच निघत होती असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही. त्या नाणेघाटाची पायवाट हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आज खाडीत गाळ साचलेला पाहून येथे परदेशची गलबते लागत होती हे सांगितले तर नव्या मुलांना हसू येते. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची जी माहिती लिहून ठेवली, तिच्यात कल्याणचे नाव आहे. तो लिहितो की थोरल्या सारगनसाच्या काळात हे कायदेशीर व्यापाराचे बंदर होते. पुढे ते संदनेस नावाच्या राजाच्या हाती गेल्यावर येथे अडथळे आले, आणि चुकून एखादे ग्रीक जहाज येथे लागलेच तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेण्याची पाळी येई. सारगनस म्हणजे सातकर्णी, असे विद्वानांचे मत आहे. भडोच तेव्हा क्षत्रपांच्या ताब्यात होते. थोडक्यात सांगायचे तर बंदराची जकात कोणाच्या पदरात पडावी यावरून दोन राज्यांत चाललेले हे भांडण होते. जकातीची भांडणे काही आजची नव्हेत.

सातवाहनांची राजधानी पैठण. पैठणचा माल समुद्राला लागायचा तर सह्याद्री उतरायला हवा, आणि सह्याद्री काही कोठूनही उतरता येत नाही. जुन्नरच्या पश्चिमेला हा कडा एका ठिकाणी थोडा चिरल्यासारखा झाला आहे. ती चीर नीट करून, पायऱ्या घालून, कडेला पाण्याची टाकी खोदून घाट बांधला गेला, तो नाणेघाट. वर जुन्नर, खाली कल्याण आणि सोपारा. वाटेच्या रक्षणाला जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे चार किल्ले. यातला शिवनेरी म्हणजे शिवछत्रपतींचे जन्मस्थान, तेथली माहिती कोणाला सांगायला नको. जीवधनाचे नाव मात्र कमी ऐकू येते. निजामशाही बुडत असताना त्या घराण्यातील लहान मुलगा मुर्तजा जीवधनावर होता. शहाजीराजांनी त्याला तेथून नेऊन १६३३ च्या सुमारास पेमगिरीवर गादीवर बसवले आणि स्वतः कारभार पाहिला.

आता प्रत्यक्ष वाटेकडे वळू. ठाकुर्लीहून कल्याण एकच स्टेशन. कल्याणच्या एस.टी. स्थानकातून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणारी गाडी धरावी. मुरबाड, टोकावडे, मग वैशाखरे. वैशाखरे गाव मागे टाकल्यावर थोड्या अंतरावर उजव्या हाताला नाणेघाटाची पायवाट फुटते, तेथे उतरावे. गाडीतून समोर डोंगराची सरळ भिंत दिसत असते आणि तिच्या माथ्यावर एक सुळका अंगठा उभारल्यासारखा वर आलेला दिसतो. तो नानाचा अंगठा. नवखा माणूस त्या भिंतीकडे पाहून मनात म्हणतो की येथून वर वाट असणे शक्यच नाही. तो अंगठा नजरेत धरून चालावे, त्याच्या बाजूलाच खिंड आहे.

वर पोहोचायला सवयीच्या माणसाला अडीच ते तीन तास लागतात. बायकामुले बरोबर असली तर चार तास धरावेत. पहिला तास सोपा आहे. वाट झाडीतून, कोरड्या ओढ्यांतून जाते. साग, ऐन, पळस, कुंभा, मोह, मधूनच एखादा बहावा, आणि खाली करवंदीच्या जाळ्या. उन्हाळ्याच्या तोंडाला पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात तेव्हा पाने गळालेली असतात, नुसता लाल रंग दिसतो. पावसानंतर गेले तर हेच रान इतके दाट होते की वाट पावलापुरतीच दिसते. सातभाईंचा कलकलाट, कोतवालाची शिट्टी आणि तांबटाचे ठोके हे ऐकू येतातच. पाखरू दिसले नाही तरी आवाजावरून ओळखता येते. शहरात राहणाऱ्या मुलांना हे शिकवायचे तर पुस्तकापेक्षा ही दोन मैलांची वाट बरी.

चढाला लागल्यावर कारवी सुरू होते. या झुडपाची गंमत सांगण्यासारखी आहे. कारवी दरवर्षी फुलत नाही. सात वर्षे ती नुसती वाढते, आठव्या खेपेची वाट न पाहता एकदाच सारा डोंगर जांभळा करून टाकते, बी धरते आणि वाळून जाते. फुलोऱ्याच्या वर्षी मधमाश्यांची चंगळ असते. वाळलेल्या कारवीच्या काठ्यांना माती-शेण लिंपून या भागातील ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी बांधव घराचे कूड करतात. सिमेंटचे पत्रे आले तरी असे कूड अजून दिसतात आणि उन्हाळ्यात ते गार राहतात.

या डोंगराचा दगड म्हणजे काळा कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून जो तप्त रस बाहेर आला, त्याचे थरावर थर बसून हा देश तयार झाला. म्हणून सह्याद्रीचे कडे पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. एक थर कठीण, एक थर ठिसूळ. ठिसूळ थर पावसाने झिजतो आणि तेथे सपाटी तयार होते. अशा मधल्या सपाटीला आपल्याकडे पदर म्हणतात. नाणेघाटाच्या वाटेवर असा पदर लागतो, तेथे बसून दम घ्यावा. पुढचा चढ खडा आहे. जुने फरसबंद दगड आणि खोदीव पायऱ्या पायाखाली येऊ लागल्या की समजावे, माथा जवळ आला.

पायऱ्यांची झीज पाहण्यासारखी आहे. माणसांच्या अनवाणी पावलांनी, बैलांच्या खुरांनी, लमाणांच्या तांड्यांनी ती झाली. पाठीवर गोणी लादलेला बैल या वाटेने खाली उतरत असेल तेव्हा त्याच्या मालकाचा जीव किती टांगणीला लागत असेल, हे तेथे उभे राहिल्यावरच कळते.

माथ्याच्या थोडे अलीकडे टाकी लागतात आणि मग ते लेणे. बाहेरून पाहिले तर साधी चौकोनी खोली, कोरीव नक्षी काही नाही. अजिंठा-वेरूळ पाहिलेला माणूस आत डोकावून परत फिरेल. पण हिंदुस्थानच्या इतिहासात या खोलीचे मोल फार मोठे आहे. डाव्या आणि उजव्या भिंतीवर दहा-दहा ओळींचा लेख कोरला आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातील माणसांचे आठ पुतळे होते. पुतळे गेले, काहींची पावले तेवढी कशीबशी शिल्लक आहेत. त्यांच्या डोक्यावर कोरलेली नावे वाचता आली आहेत : राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. दगडाची माणसे गेली आणि नावे राहिली, असा हा उलटा प्रकार आहे.

हा लेख नागनिका राणीचा. ती सातकर्णी राजाची पत्नी आणि महारठी घराण्यातील कन्या. पती निवर्तल्यावर वेदिसिरी आणि सतिसिरी या मुलांच्या लहानपणी तिने राज्य सांभाळले असे मानतात. महिना-महिना उपवास करणारी, घरात राहूनही तापसीसारखी वागणारी, असे तिचे वर्णन त्या लेखात आहे. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि चार लोकपाल यांना नमन केले आहे. पुढे काय आहे? पुढे आहे हिशेब. अश्वमेध, राजसूय आणि इतर अनेक यज्ञ झाले, त्या प्रत्येक वेळी कोणाला किती दक्षिणा दिली, त्याची कलमवार नोंद आहे. एका यज्ञाला १,७०० गाई आणि १० हत्ती. दुसऱ्या ठिकाणी ११,००० गाई आणि १,००० घोडे. एके ठिकाणी एक उत्तम गाव. एके ठिकाणी २४,४०० कार्षापण नाणी. इतकेच नव्हे, यज्ञ पाहायला आलेल्यांना आणि नोकरचाकरांना काय वाटले तेही ६,००१ असे वरच्या एकासह लिहिले आहे. देणगीत वर एक रुपया ठेवण्याची चाल आपल्याकडे अजून आहे, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही. सरकारी कचेरीत ज्याने आयुष्यभर कीर्द-खतावणी पाहिली आहे अशा कोणाही माणसाने त्या भिंतीला हात जोडावेत. कारण रकमा अशा चोख लिहिलेली इतकी जुनी वही दगडावर दुसरीकडे क्वचितच असेल.

त्या आकड्यांमुळेच हे लेणे जगात प्रसिद्ध झाले. १८२८ च्या उन्हाळ्यात साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हा लेख पाहिला. तेव्हा ब्राह्मी लिपी कोणालाच वाचता येत नव्हती. ती १८३७ च्या सुमारास प्रिन्सेपने उलगडली. पुढे १८७६ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या लेखातील आकडे ओळखून दाखवले. हेच भगवानलाल, ज्यांना १८८२ साली सोपाऱ्याला अशोकाचा शिलालेख सापडला. या आकड्यांत शून्य नाही. दहासाठी वेगळे चिन्ह, शंभरासाठी वेगळे, हजारासाठी वेगळे. सातशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला साताचे चिन्ह जोडायचे. आपण आज जे अंक लिहितो त्यातील काहींची जुनी रूपे येथे दिसतात. तसेच 'महारठी' हा शब्द येथे आहे म्हणून मराठी भाषेच्या प्राचीनतेच्या चर्चेत या लेखाचा दाखला नेहमी दिला जात असे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा अनेकांना या खोलीची आठवण झाली.

परंतु मंडळी, राणीच्या दानाचे कौतुक करून थांबले तर अर्धी गोष्ट सांगितल्यासारखी होईल. हत्ती-घोडे देणारे राजे होते, तसे पाण्याचे एक टाके देणारे साधे लोकही होते. नाणेघाटातीलच एका टाक्यावर सोपाऱ्याच्या गोविंददास नावाच्या माणसाचा लहानसा लेख आहे. हे टाके त्याचे 'देयधम', म्हणजे धर्मार्थ दान आहे, एवढेच तो सांगतो. तो राजा नव्हता. कदाचित या वाटेने माल नेणारा असेल, उन्हात तहानेने कासावीस झाला असेल, आणि आपल्यामागून येणाऱ्याला पाणी मिळावे म्हणून त्याने पैसे खर्चले असतील. टाक्याला त्या लेखात 'पोढी' हा शब्द आहे. डोंगरातल्या खोदीव टाक्याला पोढी म्हणणारी माणसे अजूनही आढळतात. दोन हजार वर्षे एक शब्द जिवंत राहिला तो पाण्यामुळे.

जुन्नरच्या लेण्यांत तर इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्याची नोंद आहे. आणि बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत कल्याणकरांची नावे जागोजाग आहेत. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने तेथे पाण्याची पोढी दिली. कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने काय दिले असेल? त्याने वाट दिली. दगडात खोदलेली चालण्याची वाट. लोहाराजवळ छिन्नी होती, हातोडा होता, त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे लोकांच्या पायांची सोय केली आणि आपले नाव घातले. सातवाहनांचा वैरी क्षत्रप नहपान, त्याचा जावई उषवदात यानेही नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि सोपाऱ्यासारख्या गावी धर्मशाळा बांधल्या, हे नाशिकच्या लेण्यात लिहिले आहे. राज्यासाठी लढाया झाल्या, पण वाटसरूची सोय दोन्हीकडच्यांनी केली. त्या लढाईत शेवटी गौतमीपुत्र सातकर्णी जिंकला आणि त्याने नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर आपलाच छाप मारून ती चालवली. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली अशा नाण्यांचा मोठा साठा मिळाला.

लेण्यापासून वर चढले की दोन्ही बाजूंना कातळ आणि मधून अरुंद नळी. वारा असा घुसतो की टोपी हातात धरावी लागते. पावसाळ्यात येथेच धबधब्याचे पाणी वाऱ्याने उलटे वर उडते आणि ते पाहायला गाड्या भरभरून लोक येतात. नळी संपली की एक मोठा दगडी रांजण लागतो. येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्याने जकातीची नाणी यात टाकायची आणि रांजण भरला की पुढचा ठेवायचा, असे परंपरेने सांगतात. राणीच्या लेखाचा जो भाग वाचता आला आहे त्यात जकातीविषयी काही नाही, हेही सांगितले पाहिजे. पण घाटाच्या तोंडाशी इतका मोठा रांजण आणि घाटाचे नाव नाणेघाट, हे पाहून लोकांनी जी सांगड घातली ती अगदीच वावगी म्हणता येणार नाही.

अशी नांदती वाट ओस का पडली? किल्ले पडले, १८१८ नंतर इंग्रजांनी गडांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या, हे एक कारण. खरे कारण दुसरेच आहे आणि ते ठाकुर्लीच्या अंगणातून जाते. १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाला. १८५४ साली आगगाडी कल्याणला आली. १८६३ साली ती बोरघाट चढली आणि १८६५ साली थळघाट चढून इगतपुरीला पोहोचली. बैलाच्या पाठीवरचा माल वाघिणीत गेला. नाणेघाट कोणी बंद केला नाही. त्याच्यावरून जाण्याचे कारण संपले. रेल्वेला वीज पुरवण्यासाठी चोळे येथे १९२९ साली वीजघर उभे राहिले, त्यावर या परिसरातील अनेक घरांचे संसार चालले, आणि १९८७ साली तेही बंद झाले. वाटेचे आणि कारखान्याचे नशीब एकाच प्रकारचे असते. उपयोग आहे तोवर देखभाल आहे.

आज नाणेघाटाचा उपयोग पुन्हा सुरू झाला आहे, तो सहलीसाठी. लेणे संरक्षित स्मारक आहे. पण संरक्षण कागदावर आणि माणसे घाटात, अशी स्थिती सुटीच्या दिवशी असते. ज्या भिंतीवर नागनिकेने १,७०० गाई मोजून लिहिल्या, तेथे अक्षरे आधीच झिजली आहेत, कित्येक ओळी तुटल्या आहेत, आणि त्या दगडावर खिळ्याने स्वतःचे नाव ओढण्याची हौस काहींना होते. ज्या पोढीत गोविंददासाने पाणी ठेवले तीत बाटल्या आणि पिशव्या तरंगतात. नंद लोहारानेही दगडावर नाव घातले होते, परंतु अगोदर वाट करून दिली आणि मग घातले. या दोन नावांतील फरक तरुण मंडळींनी स्वतःच ठरवावा. घाटमाथ्यावरील वाड्यांना उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, तेव्हा तेथे गेल्यावर टाक्यात हात-पाय धुणे हा नुसता असभ्यपणा नाही, तो कोणाच्या तरी हंड्यावर घाला आहे.

जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. भर पावसात निसरडे असते, ओढे अचानक भरतात, अनोळखी माणसाने वाटाड्याशिवाय जाऊ नये. माणशी दोन-तीन लिटर पाणी घरूनच न्यावे. पायांत चांगला बूट असावा, कारण कोकणच्या या दगडांत फुरसे असते आणि ते चटकन दिसत नाही. दगडाच्या सांदीत हात घालू नये. पहाटेची गाडी धरून उन्हे तापण्याआधी पदर गाठावा.

माथ्यावर सपाटी आहे. उजव्या हाताला जीवधनाचा कडा आणि त्याच्या शेजारी सुटा उभा असलेला वानरलिंगी सुळका दिसतो. नानाच्या अंगठ्यावर चढून कड्याशी पोटावर झोपून खाली पाहावे, उभे राहू नये. ज्या रानातून वर आलो ते सारे पायाखाली पसरलेले असते आणि एस.टी. जाते तो रस्ता दोऱ्यासारखा दिसतो. घाटघरकडून जुन्नरला उतरायचे नसेल तर दुपारी तीनच्या आत परत फिरावे; रानात अंधार लवकर पडतो, आणि वैशाखऱ्याच्या फाट्यावर कल्याणकडे येणाऱ्या गाडीची वाट पाहण्यात कधी अर्धा तास तर कधी दीड तास जातो.